घरची पट्टी

नवघर रोड, भाईंदर पूर्व
१२ नोव्हेंबर १९९५

चि. भूषण यास ताईचा सप्रेम जयभीम.

तू श्रीनगरहून पाठवलेले अक्रोड मिळाले. पिशवी एका कोपऱ्यात फाटली होती, पण पोस्टमन शपथेवर सांगून गेला की त्याने एकही खाल्लेला नाही. तुझ्या दाजींनी पहिले दोन-चार अक्रोड दाराच्या फटीत धरून फोडले. अक्रोड फुटले आणि दारही बिघडलं. आता ते लावायला खांदा द्यावा लागतो. मी बोलले तर म्हणतात, "काश्मीरचा माल आहे, थोडी किंमत द्यावीच लागणार." रिटायर झाल्यापासून त्यांना विनोद सुचायला लागलेत. एवढी वर्षं ऑफिसात कसे दाबून ठेवले होते कोण जाणे!

तिकडे थंडी पडली असेल. मफलर गळ्याला बांधत जा, कॅमेऱ्याला नाही. रेडिओवर श्रीनगरचं नाव आलं की मी स्टोव्ह बारीक करते, म्हणजे नीट ऐकू येतं. बातमी संपली की परत मोठा करते. दाजी म्हणतात, या बातम्यांपायी रोज भात कच्चा राहतो.

इकडे पाण्याचे हाल तेच. नळाला दोन दिवसांआड करंगळीएवढी धार, बाकी सगळा टँकरवर भरवसा. टँकर नाक्यावर आला की अख्खी गल्ली हंडे, बादल्या, तेलाचे रिकामे डबे घेऊन धावते. माझं मोडलेलं मनगट थंडीत अजून ठणकतं, पण कळशी उचलता येते. काळजी करू नकोस.

तुझा बिस्किटांचा डबा कपाटावर आहे तसा आहे. मी हात लावलेला नाही. धम्मचक्र दिनाच्या आधी घर झाडलं तेव्हा पुसला, तेवढाच.

बरं, पुसताना झाकण निघालं. निघालं म्हणजे मीच काढलं. आणि ते धम्मचक्र दिनाला नाही, परवा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, सांगून टाकते.

मागच्या चाळीतली पापडवाली हंसाबेन तुला आठवते ना? तिचे उडदाचे पापड तू कच्चेच खायचास. तिचा मुलगा रामू स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता. दोन-अडीच वर्षं दिसला नाही. विचारलं की ती म्हणायची, देशात गेलाय, गावी मामाकडे. परवा टँकरच्या लाइनीत नंबरावरून भांडण झालं आणि एक बाई तिला सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरगा दुकानं जाळून जेलात बसलाय, आणि हिचा तोरा बघा."

हंसाबेनने पदराखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं. लाइनीत मीच मास्तरणीसारखी दिसते म्हणून दिलं असेल. जळती बेकरी, धूर, आणि तिच्याकडे पत्र्याचा डबा घेऊन धावणारा रामू. खाली लिहिलेलं, "रॉकेलचा डबा घेऊन धावणारा दंगेखोर." आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात तुझं नाव. तिला मराठी वाचता येत नाही. मला येतं.

ती म्हणाली, "बेन, तुम ही बोलो. डब्बा लेके भागा तो रॉकेलच होगा क्या? हम लोग डब्बे में क्या भरते हैं?"

भूषण, मी लाइनीकडे बघितलं. प्रत्येकीच्या पायाशी तोच डबा होता, माझ्याही. तुझ्या पेपरात बसणाऱ्या माणसांच्या घरी चोवीस तास पाणी असेल, म्हणून त्यांना त्या डब्यात रॉकेल दिसलं. भाईंदरच्या कुठल्याही बाईला तो फोटो दाखवला असता तर ती म्हणाली असती, पोरगं पाणी घेऊन निघालंय.

पण मला तर हे आधीपासून ठाऊक होतं. ब्याण्णव संपून त्र्याण्णव लागलं तेव्हाची ती सकाळ. गाड्या बंद, म्हणून तुला ऑफिस गाठता आलं नव्हतं. दुधाच्या ट्रकमधून तू कसाबसा भाईंदरला आलास, काजळी लागलेला, डोळे सुजलेले. चहा पुढे ठेवला तर कपाकडे बघत बसलास. मग म्हणालास, "ताई, काल सगळं वाईटच बघितलं. फक्त एका पोराने पाणी मारलं. कोण होता कोणास ठाऊक, डबा भरभरून पाणी मारत होता." मग तू कॅमेरा उचललास आणि नेहमीसारखं म्हणालास, "इकडे बघ, रोल संपवायचाय."

माझ्या उजव्या हाताला तेव्हा प्लॅस्टर होतं, टँकरच्या चिखलात घसरून पडले होते ना. केस विंचरलेले नाहीत, गाऊन काखेत उसवलेला, आणि मी डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न करत होते. "असल्या अवतारात फोटो काढतोस? लाज नाही वाटत?" म्हणून मी ओरडले आणि तू हसलास. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा.

तू रोल ऑफिसात दिलास. त्यांनी तिसावा फोटो छापला, निगेटिव्हच्या सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापल्या, आणि शेवटची पट्टी तू घरी आणलीस, कारण शेवटच्या पट्टीवर दर वेळी मी असते. तिला तू "घरची पट्टी" म्हणायचास. ऑफिसातल्या कोणालाही तिची गरज नसायची. अशा कितीतरी पट्ट्या या डब्यात आहेत आणि तुझा हुकूम असायचा, "ताई, शेवटचे तुझे फोटो बघ, आधीचे बघू नकोस." मी ऐकायचे.

परवा ऐकलं नाही. पट्टी खिडकीपाशी धरली. एकतीस: रामू डबा उपडा करतोय, पाण्याची धार दिसते. बत्तीस: दारातून वाफ येतेय आणि तो परत पाण्याला पळतोय. तेहेतीस: एका म्हाताऱ्या बाईला काखेत धरून बाहेर आणतोय. आणि मग चौतीस, पस्तीस, छत्तीस: मी, माझं प्लॅस्टर आणि भाकरी.

पेपरात ते रॉकेल वाचून तू ऑफिसात भांडलास, मला माहीत आहे. खुलासा छापू म्हणाले, तो छापला नाही. पोलिसांकडेही गेलास, ते म्हणाले निगेटिव्ह आणा. ऑफिस म्हणालं, निगेटिव्ह कोणालाही द्यायची नाही. तू दोन्हींच्या मधे अडकलास आणि तिकडे निघून गेलास. मी तुला कधी विचारलं नाही.

आता विचारते. पट्टी हंसाबेनच्या वकीलबाईंना देऊ का? फक्त हो म्हण. शहांच्या दुकानात फोन कर, ते बोलावतात.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई


नवघर रोड, भाईंदर पूर्व
३ मार्च १९९६

प्रिय भूषण, जयभीम.

आम्ही मजेत. दाजींची शुगर थोडी वाढली आहे. त्यांचं म्हणणं, ती अक्रोडांमुळे. दार अजून बिघडलेलंच आहे. मिरा रोडला इतक्या नव्या बिल्डिंगी उभ्या राहिल्यात की सुतार मिळत नाही, सगळे बिल्डरांकडे. मिठागराकडचा वारा सुटला की घरभर खारट वास येतो, तुला आवडायचा तसा.

तुझं पत्र नाही. दोन महिने झाले असतील. कामात असशील.

नाही, कामात नसशील. तुला कळलं असेल. मुंबईच्या पेपरात आलंय तर तिकडे कोणी ना कोणी तुला वाचून दाखवलंच असेल. म्हणून आता माझ्याकडूनही ऐक.

तुझा फोन आला तेव्हा शहांच्या दुकानात गिऱ्हाईकं होती. तू म्हणालास, "ताई, आज एकाला सोडवायला पट्टी दिली, तर उद्या दुसऱ्याला अडकवायला मागतील. मग मी फोटोग्राफर राहत नाही, पोलिसांचा माणूस होतो. रस्त्यावर जमावाला कळलं की याच्या निगेटिव्ह कोर्टात जातात, तर दगड पहिला मला पडेल. माझ्या एकट्याला नाही, आम्हा सगळ्यांना." मी "हो, हो" म्हणत राहिले. शहा तूरडाळ तोलत ऐकत होते, म्हणून नाही. तुझं म्हणणं मला पटत होतं, म्हणून. आजही पटतं.

तरी मी पट्टी दिली.

फोन ठेवून घरी आले तर पायरीवर हंसाबेन बसली होती. पापड आणले होते, ते दिले आणि माझ्या तोंडाकडे बघून उठून निघाली. रडली असती, भांडली असती, तर मला नाही म्हणता आलं असतं. तिची ती पाठमोरी चाल मला बघवली नाही.

दाजी घाबरले. "अगं, पागल झालीस का? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आपण कोण, काय, कुठले, सगळं काढतील तिथे." मी म्हटलं, काढू देत, लपवण्यासारखं काय आहे? तरी तारखेच्या दिवशी सकाळी बघते तर साहेब ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याची बाटली घेऊन दारात तयार. दिवसभर माझ्याबरोबर बसले. बाटली मात्र सगळी त्यांनीच प्यायली आणि सारखे उठून जात होते.

सरकारी वकील वाईट नव्हता, काम करत होता बिचारा. त्याचं म्हणणं, हे पाणी मारतानाचे फोटो आरोपीला पकडायच्या जरा आधी, बचावासाठी मुद्दाम काढले नाहीत कशावरून? रामूला धरलं मे महिन्यात. वकीलबाईंनी मला उभं केलं. मी सांगितलं, याच पट्टीवर पुढे माझे फोटो आहेत, हाताला प्लॅस्टर आहे, आणि हा प्लॅस्टर घातल्याचा आणि काढल्याचा दवाखान्याचा कागद. फेब्रुवारीत निघालं. एप्रिल-मेमध्ये माझा हात मोकळा होता, हवं तर शेजाऱ्यांना विचारा, मी तेव्हा पापड लाटत होते.

मोठे करून आणलेले फोटो होतेच, पण न्यायाधीशसाहेबांनी भिंग मागवलं आणि पट्टीच खिडकीकडे धरून बघितली. बघताहेत, बघताहेत, आणि मला आठवला तो काखेत उसवलेला गाऊन. भूषण, जमीन दुभंगावी असं वाटलं. आयुष्यात कोर्टासमोर जायची वेळ आली ती त्या गाऊनमध्ये!

मग त्यांनी विचारलं, "ही निगेटिव्ह तुमच्याकडे कशी? ही तर वर्तमानपत्राची."

यासाठी मी रात्रभर काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून आलं ते असं: "नाही साहेब, हे माझे फोटो आहेत. माझ्या भावाने मला दिलेले. त्याने कोर्टाला काही दिलेलं नाही, तो देणारही नाही, त्याच्या धंद्याचा तो नियम आहे. मी माझे तीन आणलेत."

"आणि आधीचे तीन?"

"ते त्याच पट्टीवर आहेत, साहेब. कापायला गेले तर माझा चौतिसावा फाटेल."

मागे कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी माझं सगळं बोलणं लिहून घ्यायला लावलं आणि दोनदा वाचून बघितलं. म्हणजे बघ, कागदावर तसं आहे. तू नियम मोडलेला नाहीस. मोडला असेल तर मी, आणि मला कुठे कॅमेरा धरायचाय?

पण सरकारी वकिलाने जाता जाता एक विचारलं. "बाई, तुमचा भाऊ दंगलीच्या रोलवर तुमचे फोटो कशाला काढतो?" मी म्हणाले, "रोल वाया जाऊ नये म्हणून." शपथेवर म्हणाले. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं. माझा भाऊ काटकसरी, उरलेल्या फिल्मवर बहिणीला बसवतो.

घरी आल्यावर डबा उघडला आणि सगळ्या पट्ट्या बघितल्या, पूर्ण, पहिल्यापासून. तू बघू नकोस म्हणायचास ते सगळं बघितलं. प्रत्येक पट्टीवर आधी कोणाचं तरी जळलेलं घर, कोणाची तरी आई, आणि लगेच पुढे मी: तांदूळ निवडताना, दाजींचा शर्ट उसवताना, झोपेतून उठून तुझ्यावर ओरडताना. जितकं आधीचं भयंकर, तितका तू माझ्या जवळ येऊन फोटो काढलाय. एका पट्टीवर तर नुसता माझा हात आणि पोळपाट. तेव्हा कळलं की मी शपथेवर खोटं बोलून आले. रोल वाया जाऊ नये म्हणून नाही. तू वाया जाऊ नयेस म्हणून.

आपल्या आईचा एकही फोटो नाही. परभणीला तिच्या पुण्यानुमोदनाला बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि शेजारी आईच्या जागी नुसतं पांढरं कापड अंथरलेलं. तू नऊ-दहा वर्षांचा. मला विचारत होतास, आई कशी दिसायची हे मी विसरलो तर? मी म्हणाले, माझ्याकडे बघ, मी तिच्यासारखी दिसते. मी ते लेकराची समजूत घालायला म्हणाले होते. तू मात्र खरं धरून चाललास.

भूषण, मला कधी कोणी असं बघितलेलं नाही. दाजी चांगले आहेत, पण भाजीत मीठ आहे का एवढंच बघतात. मी स्वतःला आरशात भांग पाडण्यापुरतं बघितलं. तू मला बघितलंस. या तीनशे रुपयांच्या खोलीतली, या गाऊनमधली बाई बघण्यासारखी आहे असं तुला वाटलं, आणि तेही जगातलं सगळ्यात वाईट बघून आल्यावर. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते. तू रागावला असशील तरी मानते.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तुझं खरं झालं. साक्ष छापून आल्यावर तुझ्या ऑफिसातले एक साहेब घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, तुमच्यामुळे आमच्या पोरांना रस्त्यावर उतरणं अवघड झालं. त्यानंतर दोन माणसं येऊन गेली, "फोटोवाला इथेच राहतो का?" दाजींनी सांगितलं, तो काश्मीरला असतो, आणि ते बिघडलेलं दार खांद्याने लावून घेतलं. मला पहिल्यांदा त्या दाराचं बरं वाटलं. ती माणसं परत आली नाहीत, पण मी घाबरले. माझ्यासाठी नाही. तू मुंबईत परत येशील, गळ्यात कॅमेरा असेल, आणि कोणीतरी तुला ओळखेल, या विचाराने.

रामूचा निकाल अजून लागायचा आहे. तो सुटेल का, माहीत नाही. तू मला बोलशील का, तेही माहीत नाही. एकाच पट्टीवर दोघांना पणाला लावलं मी. हंसाबेनला तिचा मुलगा मिळावा म्हणून मी माझा भाऊ घालवला का, हे मला कोणी सांगत नाही.

बोलू नकोस हवं तर. पण मफलर बांध.

तुझी,
जिने तुझं ऐकलं नाही ती ताई


नवघर रोड, भाईंदर पूर्व
१९ मे १९९६

माझ्या भूषणा, जयभीम.

आधी रामूचं. तो सुटला. निकालात माझ्या प्लॅस्टरचा उल्लेख आहे, वकीलबाईंनी वाचून दाखवला. दाजी आता येईल त्याला सांगतात, "हिच्या मनगटाने एक माणूस सोडवला." मनगट मोडलं त्या दिवशी मात्र मला वेंधळी म्हणाले होते.

रामू दुसऱ्या दिवशी आला. खूप वाळलाय, केस मधेमधे पांढरे. पाया पडायला लागला, मी पडू दिलं नाही. हंसाबेनने स्टीलचा नवाकोरा डबा आणला होता, घट्ट झाकणाचा. "बेन, फोटो की पट्टी इसमें रखना. बिस्किट का डब्बा जंग खाता है." तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला, टँकर आला होता. रामू उठला, मोरीतला माझा तेलाचा डबा उचलला आणि धावत खाली गेला. मी खिडकीतून बघत होते. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, डबा घेऊन धावणारा रामू. आणि गल्लीत कोणी मान वळवूनही बघितलं नाही. टँकर आलाय, माणूस डबा घेऊन धावतोय, त्यात बघायचं काय? मी मात्र रडले. दाजी म्हणाले, पाणी आलं तरी हिला रडू येतं.

जामीन, पोलीस, निकाल यांतलं मला फार समजलं नाही. मला तो भरलेला डबा जिन्यावरून हिंदकळत वर येताना समजला.

आणि काल तुझं पाकीट आलं.

आत पत्र नाही हे बघून ते उलटं करून झटकलं. मग बटरपेपर निघाला, त्यात एक पट्टी. पाकिटाच्या आतल्या बाजूला तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर: "ताईचे फोटो. कापू नये."

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

पट्टी घेऊन मी नाक्यावरच्या उत्तमच्या स्टुडिओत गेले आणि सगळे सहाही फोटो काढायला सांगितले. पहिले तीनसुद्धा. जळलेल्या शाळेची बाकं. दारात बसलेला एक म्हातारा. रस्त्यावर विखुरलेल्या चपला, त्यात एक लहान मुलाची. आता मी पूर्ण पट्टी बघते, भूषण. तू बघतोस तर मला बघायला काय झालं? त्या म्हाताऱ्याचं नाव तुला ठाऊक असेल तर कळव, मला तो माणूस आवडला.

चौतीस: तुझी खोली. पसारा. तो टॉवेल धुवायला टाक. पस्तीस: टायमर लावून तू स्वतःचा काढलायस. एक हात पाठीमागे बांधलेला आणि डाव्या हाताने मक्याची भाकरी थापतोयस. भाकरी काश्मीरच्या नकाशासारखी झालीय. आणि स्वेटर काखेत उसवलेला! तो मुद्दाम उसवलास का रे? मी स्टुडिओत इतक्या मोठ्याने हसले की पासपोर्ट फोटोला बसलेला माणूस हलला आणि उत्तमला त्याचा दुसरा काढावा लागला.

छत्तिसावा मात्र आलाच नाही. पट्टीवर ती जागा नुसती कोरी, काचेसारखी. मला वाटलं खराब झाला. उत्तमने उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "खराब नाय झाला, मावशी. लेन्सला झाकण लावून बटण दाबलंय. मुद्दाम सोडलाय."

जो माणूस एक फ्रेम वाया घालवत नाही, त्याने एक जागा कोरी सोडली. घरी येईपर्यंत मी ती पट्टी पदराखाली धरून चालले. मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ती जागा माझी आहे. आईच्या जागी पांढरं कापड होतं ना, तशी नाही. तिथे माणूस नव्हता. इथे माणूस आहे आणि वाट बघतोय.

भीती गेली असं म्हणणार नाही. तू मुंबईत आलास तर कॅमेरा पिशवीत घालून ये, भाईंदरला उतरून मगच काढ. तुझ्या ऑफिसातल्या त्या साहेबांना मी पापड पाठवले आहेत, हंसाबेनचे. त्यांनी परत पाठवले नाहीत, एवढं सांगते.

येताना नवा रोल घेऊन ये. इतकी वर्षं मी तुझ्या रोलच्या शेपटाला होते, त्याबद्दल तक्रार नाही, उलट जन्मभर उपकार मानीन. पण एकदा उलटं कर. कॅमेऱ्यात रोल घाल आणि पहिला फोटो माझा काढ. मी केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून बसते. नको, राहू दे, तो गाऊनच घालते. मग मला बघून बाहेर पड आणि तुला जे बघायचं ते बघ.

छत्तिसाव्या जागेवर बसलेली,
तुझी ताई
पंचशीला